चाचांच्या विहिरीतला मासा

तेर गावाजवळ एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची विहीर खोदायचं काम मी अंगावर घेतलं होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. राज्य निजामाचं होतं. काळा खडक फोडला, तर खाली पाण्याऐवजी राखाडी, पापुद्र्यांचा मऊ दगड लागला आणि त्यात दगडात रुतलेले जुने मासे. ते ऐकून हैदराबादहून दगड तपासणारे एक साहेब आले. म्हणाले, हा जुन्या तळ्याचा गाळ, दगड झालेला. पहिला मासा त्यांनी नेला आणि त्याला लावायच्या चिठ्ठीवर शोधणारा म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

दुसरा सापडला, तेव्हा ते पुन्हा आले. शेपूट उघडी होती, डोकं दगडात.

"असाच द्या. हैदराबादेत साफ करू."

"वाटेत वाळून उकलंल. मीच साफ करणार. डोकं अख्खं निघालं तर चिठ्ठीवर माझं नाव. मोडलं तर मासा तुमचा, आन् मी तोंड उघडणार न्हाय."

साहेब हसले. "मंजूर."

याआधी एक ओला दगड मी पापडासारखा उन्हात घातला होता. संध्याकाळपर्यंत त्याचे तुकडे झाले. म्हणून हा ओल्या गोणपाटात ठेवला. लोखंडी टोच्या लावला की खवले उडत. बाभळीचा काटा बरा. खवल्याआधी तोच मोडतो. दिवसभरात चिमूटभर दगड निघे. उघड्या भागावर डिंकाचं पातळ पाणी लावत जायचं.

बायको म्हणाली, "एवढ्या हलक्या हातानं माझ्या पायातला काटा कधी काढला न्हाई."

चाचा रोज डोकावत. "पानी काढ म्हणलं, तर मासा काढत बसलास. लई हुशार!"

आठव्या दिवशी जोंधळ्याच्या दाण्याएवढा डोळा दिसला. मग जबड्यापाशी चीर गेली. डिंक भरून दोन दिवस हात लावला नाही. मग काटा धरला आणि डोकं अख्खं निघालं.

साहेबांनी येऊन भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि उर्दूत चिठ्ठी लिहिली. मला उर्दू येत नाही. चाचा उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून ती त्यांना वाचायला दिली.

"तुझं नाव हाय," चाचा म्हणाले. "इहीर कुणाची, ते न्हाय."

"साहेब, मासा काय माझ्या अंगणात पोहत आला? चाचांचं नाव घाला."

"सौदा एका नावाचा होता."

"तवा चाचा इथं नव्हते. इहीर त्येंची, त्येंना कुणी इचारलं?"

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.