तपासणी फक्त आमचीच

"सुम्मने, गुमान ताट खाली ठेव."

आयुधपूजेचा दिवस होता. बेळगोळचा आमचा शिलाई कारखाना. दरवर्षी आमच्या रांगेतल्या मशिनींना हळदीकुंकू मीच लावते. त्या दिवशी ऑफिसातल्या मॅडमनी सगळ्यांसमोर मला थांबवलं. मॅडम शहरातल्या, कुवेंपुनगरच्या बंगल्यातल्या. आमच्यासारख्याच, घरी मराठी बोलणाऱ्या. एरवी माझ्याशी कायम कन्नड. त्या दिवशी मात्र बाईंना मराठी आठवलं.

"असला रोग आपल्या जनांत नसतंय. वस्तीतल्या बायकांत मिळून लावून घेतलीस, अल्वा? हो ना?"

मी ताट ठेवलं. बाकीच्या बायकांना मराठी येत नाही. पण माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं.

त्याआधी कारखान्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं तपासणी शिबिर झालं होतं. माझ्यात एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला. रिपोर्ट माझा, पण तो आधी ऑफिसात वाचला गेला. पूजेच्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला शिव्या घातल्या, हा संबंधातून लागतो, त्याच्याकडूनच आला असणार म्हणून. मग स्वतःला घातल्या. आपण विटाळलो असंच वाटत होतं. पोरीला जवळ घ्यायचीही भीती वाटली.

सुट्टीत सरकारी दवाखान्यात पुढची तपासणी होती. डॉक्टरबाईंना मी विचारलं, हा आमच्यासारख्या बायकांनाच का होतो?

"यारु हेळिद्रु? कोण म्हणालं असं?" बाई चिडल्याच.

मग त्यांनी नीट समजावलं. हा विषाणू जगभर आहे. कुठे जास्त, कुठे कमी, पण नाही असा देश नाही, अशी जात नाही. बंगल्यात असतो, वस्तीतही असतो. बहुतेक बायकांना आणि पुरुषांनाही तो कधी ना कधी होऊन जातो, कळतसुद्धा नाही. बहुतेकदा अंगच त्याला घालवतं. रेंगाळला तर धोका, म्हणून तपासत राहायचं. ताटाला हात लावल्यानं तो कुणाला होत नाही.

"मग आमच्या मॅडमच्या घरी?"

"तपासलं तर कळेल."

परतताना बसमध्ये माझं डोकं फिरलं. शिबिरात तपासलं कुणाला? शिलाईवाल्यांना. ऑफिसातली एकही बाई तपासणीच्या पडद्याआड गेली नव्हती. आमच्यात शोधलं, आमच्यात सापडलं. आणि रोग आमचा झाला. संताप संताप झाला नुसता.

कामावर गेले. सगळ्या मशिनींवर कुंकू होतं, माझ्या एकटीच्या मशिनीवर नव्हतं. मी देवाच्या फळीवरून कुंकवाची डबी काढली. मॅडम धावत आल्या. मी कन्नडमध्ये विचारलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

"मॅडम, तुमची तपासणी कधी झाली?"

"नन्न विषय बेड," त्या म्हणाल्या. माझा विषय नको.

रांगेतली एक मशीन थांबली. मग सगळ्या थांबल्या. मी माझ्या मशिनीला कुंकू लावलं आणि कामाला बसले.

यापुढे माझी तपासणी मी सरकारी दवाखान्यात करीन. रिपोर्ट माझ्या हातात घेईन. पोरीला या विषाणूवरची लस टोचून आणीन, आणि कशाची ते चारचौघांत सांगीन. आणि पुढच्या आयुधपूजेला ताट माझ्याच हातात असेल. मॅडमना कुंकू हवं असेल, तर त्यांनी माझ्यासमोर कपाळ पुढे करावं.