न बोलावता आलेली क्रेन

दरोडे, खून पुष्कळ विसरलो. तो पाळणा मात्र काही केल्या विसरवत नाही.

खराडीत तेव्हा आयटीच्या काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. एका सकाळी घामाघूम झालेलं एक वयस्कर जोडपं आमच्या पोलीस ठाण्यात आलं. काका खडकीच्या लष्करी कारखान्यातले निवृत्त सुतार. त्यांची गाडी बायपासला बंद पडली. कोणी न बोलावता टोइंगची क्रेन आली. 'कंपनीनेच पाठवलंय' म्हणत माणसांनी पाणी दिलं, कागदावर सही घेतली आणि गाडी नेली. पावतीवरच्या पत्त्यावर हे दोघं रिक्षाने गेले, तर तिथे गुलाबाची रोपं विकायला! फोन केला, तेव्हा उत्तर मिळालं, "आधी पैसे, मग गाडी."

"गाडीचं राहू द्या, साहेब," काका म्हणाले. "मागच्या सीटवर पाळणा आहे. नातीसाठी मी केलाय. आज पाचला नामकरण आहे तिचं."

"अहो काका, न वाचता सही केलीत?"

"त्यावर गोल शिक्का होता."

काकू उसळल्या. "पस्तीस वर्षं गेटपासवर शिक्का दिसला की कारखान्याचं फाटक उघडायचं. यांच्या डोक्याचंही तसंच!"

पण त्याच कारखान्याची दुसरी सवय कामी आली. काकांनी खिशातली डायरी काढली. 'दहा पाच, गाडी बंद. दहा अकरा, क्रेन हजर.' सहा मिनिटं! यांनी तर कोणालाच फोन केला नव्हता. म्हणजे कोणीतरी जवळूनच पाहत होतं.

अंमलदाराला फिर्याद लिहून घ्यायला सांगून मी आणि हवालदार साध्या वेशात माझ्याच गाडीने त्या जागी गेलो. बॉनेट उघडलं. मी असा काही हताश चेहरा केला की हवालदार कुजबुजला, "साहेब, जरा कमी करा. मलाच रडू येतंय."

समोरच्या टपरीवरच्या चहावाल्याने मोबाईल कानाला लावला आणि लगेच बंद केला. थोड्याच वेळात क्रेन आली.

"साहेब, कंपनीनेच पाठवलंय," चालक म्हणाला.

"कुठल्या?"

"तुमच्याच की!"

"माझी कंपनी म्हणजे पोलीस खातं."

चालक आणि चहावाला, दोघांना ठाण्यात आणलं. चालक तोंड उघडेना. चहावाला म्हणे, "माझ्या फोनमध्ये एकच रुपया बॅलन्स आहे, मी कोणाला सांगणार?" खरंच तेवढाच होता. पण मिस्ड कॉलला पैसे कापले जात नाहीत, आणि त्याने लावलेला प्रत्येक कॉल चालकाच्याच नंबरला होता. तरी तो कबूल होईना. बाकावर बसलेल्या काकूंनी एवढंच विचारलं, "बाळा, आत पाळणा होता. कोणालाच दिसला नाही का रे?"

चहावाल्याची मान खाली गेली. "वाघोलीच्या पुढे, खाणीमागे गाड्या ठेवतात," तो म्हणाला.

तिथे आठ गाड्या सापडल्या. पंचनामा झाला, पाळणा तेवढा नोंद करून काकांच्या ताब्यात दिला आणि आम्ही सगळे जीपने निघालो. त्यांच्या मुलीच्या घरी पोहोचायला सव्वापाच झाले. आम्हाला पाहून बायका दचकल्या, मग पाळणा पाहून हसल्या. काकांनी प्रत्येक सांध्यावरून हात फिरवला, आणि बुद्धवंदना सुरू झाली.

न बोलावता क्रेन आली तर चावी हातातच ठेवा. कोणी पाठवलं ते विचारा, कंपनीला स्वतः फोन करून खात्री करा आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. मदतीला आलेल्याची चौकशी करणं म्हणजे त्याचा अपमान नव्हे.

मी मात्र वेगळंच शिकलो. बाकीच्या सात गाड्यांचे मालक शिकलेसवरलेले, मोठ्या पगाराचे. तक्रार एकाचीही नव्हती. फसलो हे सांगायची लाज! आणि आम्ही पोलीसही आधी विचारतो काय, तर 'न वाचता सही केलीत?' त्या दिवसापासून ठाण्यात आलेल्या माणसाला मी तो प्रश्न शेवटी विचारू लागलो.

निघताना काकांनी मला कोपऱ्यात घेतलं. "मुलीला सहीचं सांगू नका. ती पुन्हा गाडी चालवू देणार नाही."

तेवढ्यात ती चहा घेऊन आलीच. "साहेब, बाबांचं काही चुकलं का?"

"त्यांनी लगेच येऊन वेळेसकट सगळं सांगितलं," मी म्हणालो, "म्हणून आठ घरांच्या गाड्या मिळाल्या."

तोवर काका पाळण्याजवळ जाऊन नातीला झोका देऊ लागले होते. त्यांची पाठ जराशी ताठ झाली.