थांबून पाहायची वर्षं

तलावावर सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. पोहायला शिकवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि "पाय मार, पाय!" हे त्यांचं ओरडणं बाहेरच्या रस्त्यापर्यंत जाई. साठी ओलांडल्यावर एकदा केस पुसताना मानेपाशी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी काणाडोळा केला. पुढे काखेतही लागली, तेव्हा मुलीनं त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

गाठीचा तुकडा तपासला. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. जन्मभर बस चालवलेला त्यांचा नवरा रिपोर्ट उलटसुलट करून बघू लागला.

"सावकाश वाढणारा प्रकार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सध्या औषध नको. फक्त नियमित तपासत राहू."

"कॅन्सर आहे आणि औषध नको?" मुलगी उसळली.

"आत्ता दिल्यानं त्या जास्त जगतील असं नाही. औषधाचा त्रास तेवढा आधी सुरू होईल."

"मला किती वर्षं आहेत, ते सांगा," बाई म्हणाल्या.

वय, हिमोग्लोबिन, रक्तातली आणखी एक तपासणी, गाठी किती ठिकाणी आहेत आणि आजार कुठवर पसरलाय, यावरून धोका ठरवतात. बाईंचा मध्यम निघाला होता. "तुमच्यासारख्या शंभर जणींचं साधारण काय होतं, ते मला माहीत आहे. बऱ्याच जणी कितीतरी वर्षं चांगल्या राहतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यातल्या तुम्ही कोण, ते मात्र मला कळत नाही."

घरी नवरा त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपू लागला. पिशवी उचलू देईना, जिना चढू देईना.

"अहो, माझ्या मानेकडे बघत जेवू नका. घास अडकतो माझा."

बाई कामावर परतल्या, तर हा रोज तलावाच्या बाकावर येऊन बसायचा.

"बसून बसून बाक झिजेल. पाण्यात या."

"या वयात? मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते. या."

महिनाभर तो कठडा सोडेना. नाकातोंडात पाणी गेलं, पोरं फिदीफिदी हसली. शेवटी एकदाचा तो उताणा तरंगला, पाठीखाली बाईंचा हात. कान पाण्यात असल्यानं आपण किती मोठ्यानं बोलतोय, याचा त्याला पत्ताच नव्हता.

"तू गेलीस तर मी काय करू?"

पोरं पोहायची थांबून वळून बघू लागली. बाईंनी हात काढला नाही. "ते मलाही माहीत नाही," त्या हळूच म्हणाल्या. त्याला ऐकू गेलं नाही.

चौथ्या वर्षी पोटातल्या गाठी वाढून मूत्रपिंडावर दाब आला आणि औषध सुरू झालं. सलाइन, उलट्या, अंगात त्राण नाही. ते संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "उपचार सुरू केल्यापासूनची पहिली दोन वर्षं महत्त्वाची. त्यात आजार उलटला, तर काळजीचं. नाही उलटला, तर पुढचा अंदाज पुष्कळच चांगला."

त्या काळात फोन वाजला तरी नवरा दचके. दोन वर्षं पार पडली. त्या मुदतीतला शेवटचा स्कॅन बघून डॉक्टरीणबाई हसल्या. "कधीतरी परत येऊ शकतो, तेव्हा तपासण्या सोडायच्या नाहीत. पण आता तुमच्या वयाच्या इतर बायकांसारखंच स्वतःला धरा."

मुलगी बाहेरच्या बाकावर ढसाढसा रडली. बाईंना मात्र भूक लागली होती.

हल्ली दवाखान्याच्या फेऱ्या होतात त्या जास्त करून नवऱ्याच्या गुडघ्यासाठी. तिथं तो कुरकुरतो आणि बाई त्याला गप्प बसवतात.