लोखंडाचा राग

आमच्या मामांइतका रागाचा अभ्यास केलेला माणूस उभ्या वऱ्हाडात झाला नाही. स्वतः मात्र जन्मात कुणावर रागावले नाहीत. सगळा अभ्यास लोखंडाच्या रागाचा. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगात ते फिटर होते. कुलपाची असो, घड्याळाची असो, स्प्रिंग दिसली की कानाशी धरत. अमरावतीच्या एका लग्नात त्यांनी वरपित्याचं खिशातलं घड्याळ मागून घेतलं आणि त्याचं पोट उघडून बसले. मुहूर्त टळता टळता वाचला. "तार जबरदस्तीनं वळवली की तिच्या अंगात राग रायते," ते म्हणत. "तो काढला नाई, तं स्प्रिंग एक दिवस दगा देते." हा राग काढायला ते तिच्यातून वीज सोडत. तार आतून तापली की राग निघतो म्हणे. मामी म्हणायची, "मायाकडं एवढं लक्ष देलं असतं, तं मी राणी झाली असती."

ऐन हंगामात इंजिनाच्या झडपेची स्प्रिंग तुटली. फाटकात कापसाच्या बैलबंड्यांची रांग, आणि शेठनं सांगून टाकलं, "सांजेपर्यंत इंजिन चाललं नाही, तर मुंबईचा फिटर येईल. तुम्ही घरी बसा." मी त्या दिवशी अकोल्याहून सहज भेटायला गेलेलो, मामी चूल विझवून माझ्यासोबत जिनिंगात आली. मामांनी गावात आलेल्या तंबू-सिनेमाचा डायनॅमो गोड बोलून आणला होता आणि उरल्यासुरल्या तारेच्या तीन स्प्रिंगा वळल्या होत्या. पहिलीला वीज कमी पडली; इंजिनावर चढवली आणि घटकाभरात दबून बसली. दुसरी लालभडक होऊन मऊ पडली. तार हलकी पिवळी होताच वीज तोडायची होती, आणि तो क्षण मामांना काही सापडेना. लोक हसायला लागले. मला त्या हसणाऱ्यांचा असा संताप आला की काय सांगू.

मग मामांनी जे केलं त्याला काळीज लागतं. सगळ्यांदेखत त्यांनी मामीला हाक मारली, "अवं, इकडं ये. बेसन भाजताना रंग पायतं ना, तसाच पाय अन् सांग." मामी पदर खोचून खाली बसली. आम्हाला तार अजून पांढरीच दिसत होती, तेवढ्यात ती म्हणाली, "बस."

मामांनी वीज तोडली. त्या तिसऱ्या स्प्रिंगवर इंजिन सुरू झालं ते हंगामभर कुरकुरलं नाही. बंड्या आत आल्या, शेठनं स्वतः चहा मागवला, आणि मामा भेटेल त्याला सांगत सुटले, "हुनर माया नाई, हिचा डोया हाय." पुढं अकोटात एकही स्प्रिंग मामीनं 'बस' म्हटल्याशिवाय उतरली नाही.

आता मामा नाहीत, इंजिनही भंगारात गेलं. ती स्प्रिंग मामीनं देवघरात ठेवली आहे. परवा गेलो तेव्हा तिनं ती बोटांनी दाबली, सोडली, आणि म्हणाली, "पाय, अजून रुसली नाई. हेच तेवढे मी 'बस' म्हणाच्या आधी निघून गेले."