टेकडीवरचे दगड आणि सुकलाल

आमची कंपनी ईशान्येच्या डोंगरात होती. बंडखोरांशी युद्धबंदी होऊन काही वर्षं झाली होती, तरी कॅम्प हलला नव्हता. गावाला सरपण आणायलाही आमची परवानगी लागे. मी हवालदार, सेक्शन कमांडर, खांडबाऱ्याकडचा कोकणा आदिवासी. परवानगी मागणाऱ्यांच्या रांगेत मला आमचीच माणसं दिसत, आणि चीड येई.

त्या दिवशी सकाळी सातला ऑर्डर आली. हेलिपॅडसाठी गावामागची टेकडी सोळाशेपर्यंत, म्हणजे दुपारी चारपर्यंत, साफ करा. वर पुरुषभर उंचीचे दगड उभे होते. एकाला पाठ लावून एक म्हातारी बसली होती. आमच्या सारंगखेड्याजवळचा लान्स नायक सुकलाल भील सोबत होता. दगड बघताच त्याने बूट काढले.

"दादा, हाई दगड नही, माणसं शेतस. मन्हा आजाना बी असाच शे. मी हात नही लावस."

मी रेडिओ सेट उचलला.

"वन फॉर अल्फा. इथे गावाचे पूर्वज आहेत. काम थांबवलंय. ओव्हर."

"हवालदार, ऑर्डर आहे. ओव्हर."

"लेखी द्या, साहेब. आणि गावाला विचारून द्या. ओव्हर."

सेटवर खरखर झाली. मग आवाज आला, "दुसरी जागा बघ. वेळ तीच. आउट."

मला गुर्मी चढली, खोटं कशाला बोलू. खाली सपाट, काळीभोर जमीन पडीक होती. माणसं तिथे उतरवली. असली जमीन कोणी उगीच पडीक ठेवत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं. माइन डिटेक्टरची वाट पाहिली नाही. दगडांसाठी गावाला विचारा म्हणून भांडलो आणि शेतासाठी स्वतःच विचारलं नाही. म्हातारी वरून हात हलवत होती. मला वाटलं, आशीर्वाद देतेय.

दुपारी चौदा-वीसला जुना सुरुंग फुटला. सुकलाल सर्वांत पुढे होता. तो जागीच गेला.

चौकशीत मी चूक कबूल केली. अधिकारी म्हणाले, "टेकडीच साफ केली असती तर माणूस वाचला असता, एवढं लिहून दे." मी लिहिलं नाही. चूक माझ्या घाईची होती, दगडांची नव्हती. बढती गेली. जाऊ दे. ज्याची जमीन त्याला आधी विचारा, हे मी आजही माझ्या साहेबांना तोंडावर सांगतो.

सुट्टी मिळताच सुकलालच्या घरी गेलो. त्याच्या आईला सगळं सांगितलं, माझी घाईसुद्धा. मग तिने विचारलं,

"त्या दगड जागावर शेतस ना?"

"शेतस, मावशी."

"मंग मान खाले घालीसन काबरं बठना? वर देख."

मी वर पाहिलं. भिंतीवर सुकलाल होता, युनिफॉर्ममध्ये.