जॉब सावळाराम

लासुर्ण्याच्या दूध केंद्रावर एक माणूस असा, की कॅनचं झाकण पुरतं उघडायच्या आधीच तो तोंड वाकडं करायचा. सावळाराम त्याचं नाव. बापाची मेंढरं होती. याच्या वाट्याला मेंढरं आली नाहीत, बापाचं नाक तेवढं आलं. दूध नासायच्या दोन तास आधी त्याला वास यायचा. एकतीस वर्षं त्यानं हेच केलं. पहाटे केंद्रावर उभं राहायचं, कॅन हुंगायचा आणि 'घ्या' किंवा 'न्या' एवढंच बोलायचं. फॅटचं मशीन आलं तेव्हा, वरातीत उगाच पुढं पुढं नाचणाऱ्या पाहुण्याकडं बघावं तसं त्यानं त्याच्याकडं बघितलं. मशीन मलई किती ते सांगायचं. कॅन कुणाच्या गोठ्यात उघडा पडून होता, हे सांगायला नाकच लागायचं.

अशा या सावळारामाची नोकरी एका मंगळवारी दुपारी गेली. कुणी काढली नव्हती, तरी गेली. ती कशी, तेच ऐकण्यासारखं आहे.

डेअरीच्या बारामतीच्या ऑफिसात विजयसिंह नावाचे सिस्टीम मॅनेजर होते. सहा महिन्यांचा कसला तरी कोर्स करून आलेले. गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी, ती जेवतानाही निघायची नाही. एकदा आमटीत बुडाली, तरी निघाली नाही. त्यांनी एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. त्याला वेळ नेमून दिली की ते आपलं आपण कामं करायचं. साडेपाचला लासुर्ण्याचे आकडे मागव, मग यादी कर, मग टँकरवाल्याला कळव. अशा एकेका कामाला त्या सॉफ्टवेअरात 'जॉब' म्हणतात, आणि प्रत्येक जॉबला नाव द्यावं लागतं. ऑफिसात सगळे 'सावळारामची यादी आली का' असंच विचारायचे. म्हणून विजयसिंहांनी त्या जॉबचं नावच ठेवलं, सावळाराम.

"सर, 'लासुर्णे सकाळ' ठेवा की," हाताखालची सुकन्या म्हणाली होती.

"नाव ओळखीचं पाहिजे. तुला नाही कळायचं त्यातलं."

मोठ्या साहेबांचा हुकूम झाला होता, की जॉब झाला का बिघडला ते मेलनं आपोआप कळलं पाहिजे. विजयसिंह बसले. मेलच्या सर्व्हरचा पत्ता टाकला, पोर्टचा आकडा टाकला, पासवर्ड तीनदा चुकवला. चौथ्यांदा सुकन्यानं टाकला आणि ती एसटी गाठायला निघून गेली. 'मेल कधी पाठवायचा' यापुढं चार चौकोन होते. काम सुरू झालं तर, काम झालं तर, काम बिघडलं तर, काम थांबवलं तर. निवडायचं म्हणजे विचार करावा लागतो, म्हणून विजयसिंहांनी चारहींवर खूण केली. 'कुणाला' या रकान्यात 'सर्व' हा गट घातला. मग मेल जातो का ते बघायला त्यांनी तो जॉबच थांबवला. मेल गेला. खूश होऊन त्यांनी चहा मागवला. काय गेलं, हे वाचायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

लासुर्ण्यात सावळारामाची सून राजलक्ष्मी फोन घेऊन अंगणात आली. पगाराच्या कागदासाठी सावळारामाचा मेल तिच्याच फोनवर जोडलेला.

"मामा, हापिसातनं आलंय. जॉब सावळाराम, टर्मिनेटेड, बाय विजयसिंह."

"मराठीत सांग."

राजलक्ष्मी बी.ए. झालेली. "विजयसिंहानं तुमची नोकरी बंद केली म्हनत्यात. खाली लिवलंय, नेक्स्ट रन नन. म्हंजी पुन्हा न्हाय."

आपल्याकडं पोरगा जॉबला लागतो, जॉबवरनं येतो, जॉब सुटला म्हणून घरी बसतो. दुसरा कुठला जॉब इथं कुणाला ठाऊक?

"त्या दोरीवाल्यानं?" सावळाराम म्हणाला. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते.

"फोन करून इचारायचं का?"

"त्येला समोर येऊन सांगाय तोंड न्हाय, आन मी इचारू?"

मेल 'सर्वां'ना गेलेला. दिवस मावळायच्या आत निमगाव केतकीच्या दूध संस्थेचे बापूसाहेब शाल आणि नारळ घेऊन हजर.

"आबा, असं अचानक?"

"अचानक कुठलं? तुमी तर तयारीनिशी आलाय."

मोठ्या साहेबांनाही मेल गेला होता, पण साहेब मेल मागवतात, वाचत नाहीत.

बुधवारी सावळाराम घरीच बसला. केंद्रावर कॅन आले, मशीनला लागले, टाकीत गेले. हुंगलं कुणीच नाही. एक नासका कॅन आत गेला आणि दहा वाजेपर्यंत अख्ख्या टाकीतलं दूध फाटलं. मशीनवर फॅट मात्र झकास होती.

अकराला ऑफिसची जीप दारात थांबली. लॅपटॉप छातीशी धरून विजयसिंह उतरले.

"आबा, तो सॉफ्टवेअरचा जॉब होता हो. तुमचा नव्हे."

"नाव कुनाचं हाय?"

"नाव तुमचंच."

"थांबवला कुनी?"

"मी. पण टेस्टिंगला."

"एकतीस वर्सांचा मानूस टेस्टिंगला घेतला व्हय," सावळाराम म्हणाला. "मला काढलं ते सगळ्यांना कळलं. ठिवलं ते बी तसंच कळू दे. तवर मी हितनं उठत न्हाय."

विजयसिंहांनी ओट्यावर लॅपटॉप उघडला, जॉब सुरू केला. "गेला मेल."

राजलक्ष्मीनं फोन बघितला. "हितं न्हाय आला."

"मग कुनाला गेला?" सावळारामानं विचारलं.

विजयसिंहांच्याच खिशात फोन वाजला. सकाळी घाबरून त्यांनी 'सर्व' काढून स्वतःचं नाव घातलं होतं, आणि विसरले होते. शेवटी सुकन्यानं बारामतीहून फोनवर सांगितलं, "सर, 'कुणाला'चा रकाना बघा." रकाना भरला, जॉब पुन्हा सुरू केला. राजलक्ष्मीचा फोन वाजला. जॉब सावळाराम, स्टार्टेड.

सावळारामानं टोपी घातली. "शाल परत करायची का?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे. थंडीत पहाटंचं लागंल."

पुढं सुकन्या जॉबचं नाव बदलायला निघाली, तर सावळारामच नको म्हणाला, आणि मेल स्वतःच्या फोनवर जोडून घेतला. रोज पाच-वीसला तो केंद्रावर असतो, शाल पांघरून. साडेपाचला जॉब सुरू झाल्याचा मेल येऊन खिशात फोन वाजतो, तेव्हा चार कॅन हुंगून झालेले असतात.

"आलं बघा," तो दूधवाल्यांना सांगतो, "आज बी माझ्या मागनंच." आणि पाचव्या कॅनचं झाकण उघडतो.