चार हात सफेदा

पंख्याची पाती एकात एक मिसळू लागली आहेत, म्हणजे मला झोप येते आहे. डबा खाऊन झालाय. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, जिला आम्ही कौतुकाने प्रयोगशाळा म्हणतो, मी टेबलावर हातांची घडी करून त्यावर गाल टेकवला आहे. शेजारी चित्र आडवं ठेवलंय. डोळे उघडले की साहेबाचं तोंड दिसतं, मिटले की नुसता काळोख. दोन्हींत फार फरक नाही.

चित्र निंबळगड संस्थानच्या दरबाराचं आहे, बंड मोडल्यानंतरच्या वर्षातलं. चिंचेच्या झाडाखाली इंग्रज एजंट खुर्चीत बसला आहे, बाल राजा त्याच्याहून बुटक्या आसनावर, भोवती मानकरी. सगळे चेहरे काल रंगवल्यासारखे ताजे. फक्त साहेबाचा चेहरा काळाठिक्कर. निमकर मॅडम म्हणतात, ओल लागली असणार. सोमवारी नव्या दालनाचं उद्घाटन आहे आणि साहेबाचे वंशज विलायतेहून येणार आहेत. "त्यांच्या पणजोबांचं तोंड पांढरं करून ठेव, वृषाली," मॅडम सकाळी म्हणाल्या. "एवढं नीट झालं की तुला कायम करायचं बघते."

तोंड पांढरं करणं अवघड नाही. सफेदा म्हणजे शिशाचा पांढरा रंग. गंधकाशी त्याचा संबंध आला की तो काळा पडतो. पेरॉक्साइडचा बोळा हलक्या हाताने फिरवला की पुन्हा पांढरा होतो. बाटली माझ्या कोपराशी आहे. पण सकाळी मी सगळे चेहरे मशीनखाली तपासले, तेव्हा एकट्या साहेबाच्या चेहऱ्याखाली हरताळ सापडली. पिवळीजर्द, गंधकाने भरलेली. ओल अशी माणूस निवडून लागत नाही.

हा विचार करता करता कुजक्या अंड्यांचा वास येतो.

मी कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. किपचं उपकरण बुडबुडतंय. ओट्यावर परीक्षानळ्यांऐवजी शिंपले मांडलेत, एकेकात एकेक रंग. ओट्यावरच मांडी घालून एक माणूस बसलाय. डोक्याला मळकं पागोटं, नखं पिवळी.

"वास ओळखलास?" तो विचारतो.

"हायड्रोजन सल्फाइड."

"आम्ही नाव नव्हतं ठेवलं. नुसते लांब बसायचो."

"तुम्ही कोण?"

"माझ्या चित्राशेजारी घोरतेस आणि मलाच विचारतेस? सटवाजी चितारी."

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात हेच नाव आहे. म्हणजे हा माणूस कधीच मेलेला आहे. मला भीती वाटत नाही. भेटलाच आहे तर विचारून घ्यावं, एवढंच वाटतं.

"सटवाजीबुवा, साहेबाच्या चेहऱ्याखाली हरताळ कशाला लावलीत?"

"तू सांग. शिकलेली आहेस."

"चुकून लागली?"

तो इतका हसतो की पागोटं सैल होतं. हातातला पिवळा शिंपला माझ्यासमोर धरतो. "ही हरताळ. आता सफेद्याचा शिंपला कुठाय ते बघ."

मी बघते. ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला तो आहे, आणि ओटा गावाबाहेरच्या रस्त्याएवढा लांब झाला आहे.

"चिताऱ्याच्या घरातलं रांगतं पोरसुद्धा हे दोन शिंपले जवळ आणत नाही. चुका आमच्यातही होतात. माझ्या काकानं एकदा घोड्याला पाचवा पाय काढला होता. सरदारानं मोजलाच नाही. पण ही चूक आमच्यात कोणी करत नाही."

आम्ही ओट्यावरून चालत निघतो. पायाखाली फरशी होती, आता धूळ आहे. वर चिंच. सावलीत खुर्ची, खुर्चीत साहेब. कोट आहे, पदकं आहेत, चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता पिवळा गोल. सटवाजी त्याच्यासमोर गुडघे मोडून बसतो आणि कुंचला ओला करतो. पिवळ्यावर आधी गोंदाचा थर देतो, मग सफेदा. नाक येतं, ओठ येतात. ओठ लगेच बोलतात, "और गोरा!"

"जी सरकार." सटवाजी दुसरा हात देतो.

"और गोरा!"

"जी सरकार." माझ्याकडे वळून तो हलकेच म्हणतो, "आरसा मागवून मागवून बघत होता गं. चार हात सफेदा दिला. राजाच्या तोंडाला एवढा नाही लागला. मागेल तेवढा देत गेलो."

"जितका सफेदा जास्त, तितकं शिसं जास्त," मी म्हणते.

"आणि तितकं काळं जास्त."

त्याच्या आवाजातलं सुख ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. "पण एवढा राग कशाचा?"

तो बोट दाखवतो. खुर्चीमागे गाढव उभं आहे, मगाचपासून असणार. त्याच्यावर शेपटाकडे तोंड करून एक तरुण बसवलाय. तोंडाला तेलात कालवलेली तव्याची काजळी. गळ्यात फुटक्या चपलांची माळ.

"धोंडू. माझा धाकटा भाऊ. बंडवाल्यांना भाकरी घातली, हा गुन्हा. ह्या साहेबानं काळं फासून गावभर धिंड काढली आणि ह्याच फांदीला टांगला. अंगानं आम्ही सगळेच काळे, त्याचं काही नाही. अंगचं वेगळं, फासलेलं वेगळं."

मी धोंडूच्या जवळ जाते.

"आमची आई घागर घेऊन आली. म्हणाली, लेकराचं तोंड धुते, मग न्या. शिपायानं घागर उपडी केली. साहेबाचा लेखी हुकूम होता, धुवायचं नाही. तसाच सरणावर गेला. पुढल्या वर्षी त्याच झाडाखाली मला चित्र काढायला बसवला."

माझ्या हातात ओला बोळा आहे. मी टाचा उंचावून धोंडूच्या गालावर तो फिरवते. एकदा, पुन्हा एकदा, जोर लावून. बोळा स्वच्छ निघतो. गाल तसाच. धोंडू माझ्याकडे बघत राहतो. माझ्या तोंडून वरमून "सॉरी" निघतं. त्याला तो शब्द कळत नाही.

"ते निघत नाही," सटवाजी म्हणतो. "आणि तू ह्या साहेबाचं धुणार?"

"माझी नोकरी आहे, बुवा."

"माझीपण होती."

चिंचेचा पाला झडतो तो फिल्टर पेपरच्या चकत्यांसारखा. मी न राहवून विचारते, "काळं पडायला किती काळ लागेल, हे माहीत होतं तुम्हाला?"

"नव्हतं. त्याच्या हयातीत नको, एवढं बघितलं, नाहीतर दुसरं गाढव माझ्यासाठी आलं असतं. म्हणून तर मध्ये गोंद. साहेब खूश होऊन गेला. मला शाल दिली, आणि मी ती घेतली. वाकून घेतली." तो थुंकतो. "त्याची पणतवंडं येणार आहेत म्हणे?"

"सोमवारी."

"येऊ देत. त्यांच्यासाठीच केलंय."

"म्हणजे आता फेडून झालं?"

"तोंडाचं झालं. हात राहिलाय. तिथं गोंद जास्त जाड बसला."

"कुठला हात?"

"हुकूम कुठल्या हातानं लिहितात?"

तो माझी तर्जनी धरतो. त्याची बोटं नळाखालच्या काचेसारखी गार आहेत. अंगठा उठवून घ्यावा तसं माझं बोट तो साहेबाच्या उजव्या अंगठ्यावर दाबतो, आणि दाबूनच धरतो.

पंख्याची पाती वेगवेगळी दिसू लागतात. माझा गाल टेबलाला चिकटलाय. कुजक्या अंड्यांचा वास नाही, डब्यातल्या मेथीचा आहे. बाटली कोपराशीच आहे, बंद.

मी भिंग ओढते. साहेबाचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आहे, पांढराशुभ्र. त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी मोहरीएवढा काळा ठिपका.

धूळ असेल. कोरडा कुंचला फिरवते. जात नाही. सकाळचा फोटो उघडून, ताणून मोठा करते. अंगठा स्वच्छ आहे. पुन्हा भिंगाखाली बघते. ठिपक्याची कड वरून पडलेल्या शाईसारखी नाही. खालून वर आलेली आहे, सफेद्याच्या बारीक भेगेतून. स्वप्नाला मी पुरावा मानत नाही. पण हा ठिपका आहे, आणि सकाळी नव्हता.

मी बाटली कपाटात ठेवते आणि कुलूप लावते. खूप दिवसांनी एखादा प्रयोग जमल्यासारखं वाटतंय.

दारात मॅडम. "झालं का गं तोंड पांढरं?"

"नाही मॅडम. मी करणार नाही."

"काय? अगं, सोमवारी ती माणसं येतायत! त्यांना काय दाखवायचं?"

"हेच," मी भिंग त्यांच्यापुढे करते. "खुर्च्या जरा जवळ मांडू या. आता हातसुद्धा काळा पडायला लागलाय."